दप्तरातले इन्सुलिन कुणाकुणाला सांगायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिले आहे. मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. ती नऊ वर्षांची असताना उलट्या, पोटदुखी आणि धाप लागल्यामुळे तिला शहरातल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि तिथेच टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी एक आणि रात्री झोपताना एक अशी इन्सुलिनची चार इंजेक्शने रोज चालू आहेत. आई, वडील आणि आजी यांच्याखेरीज ही गोष्ट कुणालाही माहीत नाही. एकाच घरात राहणाऱ्या काका-काकूंना आणि शाळेलाही ‘हिला रक्त कमी आहे’ असे सांगितले आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये अगदी मागे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात दडवलेले असते. शाळेत मधल्या सुट्टीत मुलगी स्वच्छतागृहात जाते आणि कंपासपेटीतले इन्सुलिनचे पेन काढून उभ्याउभ्या इंजेक्शन घेते. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलनाच्या तालमीत ती कोसळली. शिक्षकांना फिट आल्यासारखे वाटले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. आई पोचली तेव्हा मुलगी अर्धवट शुद्धीत होती आणि आईने तिला तसेच ग्लुकोजचे पाणी पाजले. वडिलांचे म्हणणे असे की मुलीची जात आहे, लग्न होईपर्यंत शब्द बाहेर जाता कामा नये. तीन महिन्यांत इन्सुलिन सोडवून देतो म्हणणारा एक औषधवाला आजीला भेटला आहे. शिवाय मुलगी आता शुगरच्या वहीत खोटे आकडे लिहू लागली आहे. वहीत सगळीकडे १३० ते १५०, आणि तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) मात्र १०.२. आई विचारते, ‘शाळेला सांगितले तर आठ दिवसांत गावभर होईल. सांगावे, की गुपचूप शाळाच बदलावी? आणि खोटे बोलू लागलेल्या मुलीला वळणावर कसे आणावे?’

ताई,

शाळेचा प्रश्न आणि वहीचा प्रश्न तुम्ही वेगवेगळे मांडले आहेत. पत्र दोनदा वाचल्यावर मला तो एकच प्रश्न वाटू लागला, आणि त्याचे उत्तर वहीपासून सुरू करणे सोपे आहे. त्याआधी एक सांगते की मी डॉक्टर नाही, मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी समुपदेशक म्हणून बोलते. त्यामुळे इन्सुलिनचे किती युनिट घ्यायचे, कोणते घ्यायचे, यातले काहीही या उत्तरावरून बदलू नका. ते तुमच्या डॉक्टरांचे काम आहे.

वहीतल्या आकड्यांची सरासरी १४० धरली तर एचबीए१सी साडेसहाच्या आसपास यायला हवा होता. १०.२ याचा अर्थ मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी २४५च्या घरात राहिली. हा हिशोब डॉक्टरांना तोंडपाठ असतो. शिवाय खरे आकडे तारीख-वेळेसह साखर तपासायच्या मीटरच्या मेमरीत शिल्लक असतात, आणि तीन वर्षे मीटर हाताळणाऱ्या मुलीला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. म्हणजे आज ना उद्या सापडणार हे ठाऊक असूनही ती लिहिते. कुणाला फसवून काही मिळवायचे आहे अशा माणसाचे हे वागणे नव्हे. आजची संध्याकाळ निभावली म्हणजे पुरे, असे वाटणाऱ्या माणसाचे हे वागणे आहे.

तुम्हीच लिहिले आहे की मीटरवर २८० दिसले की तुमच्या तोंडून पहिला प्रश्न ‘काय खाल्लेस?’ असा निघतो, तिचे बाबा काही न बोलता उठून जातात आणि सासूबाई देवघरात जाऊन बसतात. बारा वर्षांच्या मुलीने याचा अर्थ काय लावायचा? आपल्या बोटाच्या एका थेंबाने तीन मोठ्या माणसांचे चेहरे पडतात, हाच ना? १४० लिहिले की जेवण शांतपणे होते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दोष द्यायला नव्हे तर उपाय सापडावा म्हणून सांगते. खरे असेल ते न सांगता समोरच्याला चालेल ते सांगायचे, ही रीत ती तीन वर्षे घरातच पाहते आहे. काकूला ‘रक्त कमी आहे’ सांगायचे, बाईंना तेच सांगायचे, लग्नकार्यात पंगतीला बसण्याआधी कुणाला न दिसता आत जाऊन यायचे. काकूला जे सांगायचे नाही ते वहीलाही न सांगणे, ही तिच्या दृष्टीने फार लांबची उडी नाही. फरक एवढाच की काकूला सांगितलेल्या खोट्यावर कुणी औषधाचा डोस ठरवत नाही, वहीतल्या आकड्यांवर मात्र ठरवतात.

‘काय खाल्लेस?’ हा प्रश्न अनेकदा चुकीचाही असतो. बारा-तेराव्या वर्षी, वयात येताना, शरीरात जी संप्रेरके वाढतात ती इन्सुलिनच्या कामाला विरोध करतात. या वयात तेच खाणे आणि तोच डोस असूनही साखर चढते आणि डोस वाढवावा लागतो. सर्दी-ताप, परीक्षेची धास्ती, पाळीच्या आधीचे दिवस यांनीही साखर वाढते. पोटावर किंवा मांडीवर रोज त्याच जागी टोचले तर तिथे मऊ गाठी होतात आणि त्या गाठीत दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. घाईघाईने, उभ्याने, दार कुणी ढकलील या भीतीत इंजेक्शन घेणारी मुलगी जागा बदलत असेल का, याची मला शंका आहे. एकदा उजेडात तिच्या पोटावरून आणि मांडीवरून हलकेच बोटे फिरवून पाहा.

आता तो बिस्किटांचा डबा. फ्रिजच्या मागच्या भिंतीला आणि बर्फाच्या कप्प्याला लागून सर्वांत जास्त गारवा असतो, आणि तिथे चिकटून ठेवलेले इन्सुलिन गोठू शकते. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले, दिसायला पूर्वीसारखे झाले, तरी त्याचा भरवसा नसतो आणि ते वापरायचे नसते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे, म्हणजे फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात पुढे, जिथे घरातल्या कुणाचीही नजर जाते. नेमके म्हणूनच तुम्ही ते तिथे ठेवलेले नाही. एचबीए१सी १०.२ येण्यामागे यातले नेमके काय आणि किती आहे हे डॉक्टरच सांगू शकतील, पण हा डबाही त्यांना सांगा. मुलीच्या खाण्यावर संशय घेण्याआधी या सगळ्या शक्यता तपासायला हव्या होत्या, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

वहीसाठी एक करून पाहा. महिनाभर ‘चांगली शुगर’ आणि ‘वाईट शुगर’ हे शब्द घरात कुणीही वापरायचे नाहीत. आकडा कितीही आला तरी पहिले वाक्य ‘तपासलेस ते बरे केलेस’ आणि दुसरे ‘आता काय करायचे?’ एवढेच. वही लिहिण्याचे काम काही दिवस तुमच्याकडे घ्या. रविवारी सकाळी दहा मिनिटे दोघी मीटर घेऊन बसा, मेमरीतले आकडे तिने वाचायचे आणि तुम्ही उतरवायचे. बारावे वर्ष हे या आजाराची सगळी जबाबदारी मुलीच्या एकटीच्या अंगावर टाकण्याचे वय नव्हे. हात तिचा चालू दे, पण शेजारी मोठे माणूस हवे. जुन्या खोट्या आकड्यांबद्दल एकदाच बोला, तेही असे काहीसे: ‘मी आकड्यावर चिडत होते, म्हणून तुला तसे लिहावे लागले. आता मी चिडणार नाही. तूही खरे ते दाखव.’ आणि मग ते प्रकरण तिथेच सोडा. पुढच्या वेळी २८० दिसल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली तर मात्र ही सगळी बोलणी फुकट जातील, कारण मुले वाक्यांपेक्षा चेहरे वाचतात.

आता शाळा. त्या दिवशी तालमीत काय झाले असावे, हे तुमच्याच पत्रावरून लक्षात येते. तिने मधल्या सुट्टीत इंजेक्शन घेतले, तेवढ्यात तालमीसाठी बोलावणे आले आणि डबा न उघडता ती पळाली. जेवणाआधीचे इन्सुलिन हे जेवण होणारच असे धरून दिलेले असते. ते शरीरात गेल्यावर जेवण झाले नाही आणि वर तासभर नाच झाला, तर साखर उतरणारच. ‘डबा खाल्ल्याशिवाय हिला हलू देऊ नका’ एवढे एक वाक्य नाचाच्या बाईंना माहीत असते, तर कदाचित काहीच घडले नसते. त्यांनी कांदा आणि चप्पल आणली म्हणून त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. साखर फार उतरली की झटकेही येऊ शकतात, आणि ज्याला काहीच सांगितलेले नाही तो माणूस त्याला फिटच समजणार.

शाळा बदलू नका. नव्या शाळेत तेच स्वच्छतागृह, तीच कंपासपेटी आणि तेच ‘रक्त कमी आहे’ असेल, फक्त तिच्या मैत्रिणी तेवढ्या नसतील. सांगायचे की नाही हा विचार सोडा, आणि कुणाला, काय, किती सांगायचे हे ठरवा. गावभर सांगण्याची काहीही गरज नाही. गरज आहे ती मुलगी ज्यांच्या ताब्यात दिवसाचे सहा तास असते त्यांना सांगण्याची, म्हणजे मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि तिच्या शेजारी बसणारी एक मैत्रीण. मैत्रीण कोण हे तुम्ही ठरवू नका, तिला ठरवू द्या. तुमच्या पत्रात मुलीला काय वाटते याबद्दल एकही ओळ नाही, हे मला खटकले. शाळेत जाण्याआधी तिलाच विचारा की कुणाला कळलेले तुला चालेल, कुणाला नको, आणि बाईंना तू सांगशील की मी सांगू. बहुतेक मुली ‘तू सांग, पण मी तिथे असेन’ असे म्हणतात.

तोंडी सांगून भागणार नाही, कारण बाई बदलतात, रजेवर जातात. एका पानावर तिचा फोटो लावून साध्या भाषेत लिहून द्या. मुलीला टाइप १ मधुमेह आहे, तो संसर्गजन्य नाही आणि गोड खाल्ल्याने झालेला नाही. शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकार यंत्रणेने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्यामुळे तो होतो, म्हणून तिला रोज इन्सुलिन घ्यावे लागते. घाम सुटला, हात थरथरले, ती एकाएकी चिडली, बोलताना अडखळू लागली किंवा गप्प होऊन एकटक पाहू लागली, तर साखर उतरली असे समजावे. मीटरवर ७०च्या खाली असेल तर, आणि मीटर हाताशी नसेल तर न तपासताही, तिला लगेच साखर किंवा ग्लुकोज पावडर द्यावी. मोठ्या माणसाला साधारण पंधरा ग्रॅम म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे लागतात, मुलांना वजनाप्रमाणे कमी, म्हणून तुमच्या मुलीचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे, आणि जेवणाला अजून अवकाश असेल तर मग बिस्किट किंवा पोळी खायला द्यावी. चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. साखर उतरलेली असताना तिला एकटीला पाणी प्यायला किंवा घरी पाठवू नये.

या पानावर सर्वांत ठळक अक्षरात एक गोष्ट लिहा, आणि ताई, ती तुमच्यासाठीही आहे. मुलगी बेशुद्ध असेल, किंवा गिळता येत नाही इतकी गुंगीत असेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी नाही, साखर नाही, काही नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला कुशीवर वळवायचे आणि तडक दवाखाना गाठायचा. त्या दिवशी तुम्ही पाजलेले पाणी तिला गिळता आले, हे नशीब. अशा वेळी देण्यासाठी ग्लुकागॉन नावाचे इंजेक्शन असते, ते आपल्याकडे सगळीकडे सहज मिळत नाही. डॉक्टरांना विचारून ते मिळवता आले तर घरात ठेवा आणि कसे द्यायचे ते शिकून घ्या.

शाळेकडून मागायचे तेही फार नाही. ग्लुकोज, बिस्किटे आणि आणीबाणीचे फोन नंबर असलेला एक छोटा डबा वर्गशिक्षिकेच्या कपाटात ठेवावा. इंजेक्शनसाठी स्वच्छतागृहाऐवजी शिक्षककक्षातली एक खुर्ची मिळावी. वर्गात बसून तपासायची, मध्येच खायची आणि लघवीला जायची मुभा असावी, कारण साखर चढली की वारंवार जावे लागते. शाळेने कुरकुर केली तर हे सांगा की केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून टाइप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेऊ दिले आहे, आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये अशा मुलांना शाळेत तपासणी, इन्सुलिन आणि मधले खाणे यांची मोकळीक द्यावी असे राज्यांना कळवले आहे. तुमच्या मुलीची शाळा राज्य मंडळाची असेल, तरी मुख्याध्यापकांपुढे ठेवायला हे पुरेसे आहे. दहावीला अजून अवकाश आहे, पण परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज ज्या शाळेला आजाराची माहितीच नाही ती करणार कसा, याचाही विचार करा.

घरातल्या जाऊबाईंबद्दल मी थोडे वेगळे बोलते. शाळेला सांगणे ही सुरक्षिततेची बाब आहे, तिथे वाट पाहू नये. जाऊबाईंना सांगणे अवघड आहे, कारण त्यांच्याशी तुमचा रोजचा संबंध आहे आणि तीन वर्षे लपवल्याचा राग त्यांना येणारच. तो येऊ द्या. पण ज्या घरात तुम्ही बाजाराला गेल्यावर मुलगी काकूपाशी असते, त्या घरात काकूला साखर उतरल्याची लक्षणे माहीत नसणे परवडणारे नाही. एक फायदाही होईल. आज जाऊबाई प्रेमाने दुसरी पुरणपोळी वाढतात आणि मुलीला नाही म्हणता येत नाही. माहीत असेल तर त्या विचारतील की किती वाढू. टाइप १ असलेल्या मुलीला पुरणपोळी वर्ज्य असतेच असे नाही, फक्त ती किती खाणार हे आधी ठरवून त्या प्रमाणात इन्सुलिन घ्यावे लागते, आणि हे मोजमाप चोरून करता येत नाही. आहारतज्ज्ञांकडून कर्बोदके मोजायला शिका. एकदा कणकेचा नव्हे, कोरड्या पिठाचाच अंदाज घ्या. तीस ग्रॅम पिठाच्या पोळीत साधारण वीस ग्रॅम कर्बोदके असतात, मग भाकरी, भात, पोहे यांचाही हात बसतो.

तिच्या बाबांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या समाजात मुलीच्या आजाराची वाच्यता झाली की स्थळे मागे फिरतात, हे खोटे नाही, आणि ही भीती बाळगणारा बाप मुलीचा शत्रू नसतो. पण मला त्यांना दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. हाच आजार मुलाला झाला असता तर त्याने स्वच्छतागृहात उभ्याने इंजेक्शन घेतले असते का? आणि लग्नापर्यंत लपवायचे, मग लग्नानंतर काय? दिवसातून चार इंजेक्शने नवऱ्यापासून आणि सासरपासून किती दिवस लपतील? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल तर ते लग्न रद्द करून मागता येते. म्हणजे जे मुलीला वाचवण्यासाठी लपवले, तेच उद्या तिच्याविरुद्ध वापरता येईल. त्याहून मोठा धोका असा की सासरी कळू नये म्हणून ती इन्सुलिन टाळू लागेल, आणि टाइप १ मध्ये इन्सुलिन टाळणे हे जिवावर बेतते. सांगून होणारे लग्न कदाचित उशिरा होईल. पण त्या घरात तिला फ्रिजमध्ये डबा पुढे ठेवता येईल. मधुमेह असलेल्या स्त्रिया गर्भधारणेआधीपासून साखर आटोक्यात ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आई होतात, आणि आईला टाइप १ असेल तर तो मुलाला होण्याची शक्यता काही टक्क्यांपुरतीच असते, हेही त्यांना माहीत असू द्या.

लपवूनही माणसे चांगली जगली आहेत, हा मुद्दा कुणी तुमच्यापुढे ठेवला तर तो खराच आहे. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ अकराव्या वर्षी या आजारात सापडली. तेव्हा इन्सुलिन नव्हते, उपाशी ठेवणे हाच उपचार होता. ऑगस्ट १९२२ मध्ये ती कॅनडात टोरांटोला, इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा पंधरावे वर्ष संपत आलेल्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो होते. इन्सुलिन मिळालेल्या पहिल्या काही रुग्णांपैकी ती एक. पुढे ती शिकली, तिचे लग्न झाले, तीन मुले झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती वारली, आणि हा सगळा काळ तिने आपला मधुमेह जगापासून लपवून ठेवला. पण तिच्याकडे लहानपणी पगारी परिचारिका होती, पाठीशी पैसा होता, आणि तो काळ शंभर वर्षांपूर्वीचा होता. उलट जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्ह लहानपणापासून टाइप १ मधुमेही आहे. त्याने ही गोष्ट २०२२ मध्ये जाहीर केली, म्हणजे टोकियोत ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवल्यानंतर. कधी सांगायचे हे त्याने स्वतः ठरवले. तुमच्या मुलीलाही पुढे कॉलेजात, नोकरीत, मैत्रीत कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही हे ठरवण्याचा तेवढाच हक्क आहे. आज मात्र ते तिच्या वतीने दुसरेच ठरवत आहेत, आणि आपल्यात लपवण्यासारखे काहीतरी आहे, एवढेच तिच्या मनात बसते आहे.

सासूबाईंच्या औषधवाल्याबद्दल थोडक्यात, पण ठाम सांगते. कोणताही काढा, पूड किंवा अंगारा इन्सुलिन बंद करण्याच्या अटीवर मिळत असेल तर तो घरात आणू नका. इन्सुलिन थांबले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचू लागते आणि नऊ वर्षांची असताना तिला ज्या अवस्थेत अतिदक्षता विभागात न्यावे लागले, तीच अवस्था परत येते. अशा लोकांवर विश्वास बसण्याचे एक कारण आहे. निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की काही मुलांत इन्सुलिन तयार करणाऱ्या उरल्यासुरल्या पेशी काही आठवडे किंवा महिने पुन्हा थोडे काम करू लागतात आणि डोस अगदी कमी होतो. नेमके त्या काळात कुणी काढा दिला तर श्रेय काढ्याला जाते. तो काळ संपला की डोस पुन्हा वाढतो, तोवर औषधवाला पुढच्या गावी असतो. सासूबाईंना यावरून बोल लावू नका. नातीला दिवसातून चार वेळा सुई टोचलेली पाहणे त्यांना सोसवत नाही, हेच त्यामागे आहे. त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आजारपणाच्या दिवसांचा नियमही त्यांच्या कानावर पडू दे. मुलगी उलट्या करते आहे, जेवत नाही, म्हणून इन्सुलिन बंद करायचे नसते. साखर आणि लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर साचणारे आम्ल) तपासायचे, पाणी पाजत राहायचे आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

आणि तुम्ही? रात्री तीनला उठून तिचे कपाळ घामेजले आहे का हे पाहते, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. तीन वर्षे हे एकटीने करताना तुम्हाला कुणापाशी रडताही आले नसेल, कारण रडायचे म्हटले तर कारण सांगावे लागले असते. हा थकवा औषधाने जाणारा नाही, वाटून घेतल्याने कमी होणारा आहे. झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर मात्र स्वतःसाठीही मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपल्यासारखी दुसरी घरे भेटणे फार उपयोगी पडते. छत्रपती संभाजीनगरची उडान आणि नागपूरचा ड्रीम ट्रस्ट या संस्था टाइप १ असलेल्या मुलांसाठी अनेक वर्षे काम करत आहेत. तुम्हाला संभाजीनगर जवळ पडेल, तिथे चौकशी करा आणि मुलीला सोबत न्या. आपल्यासारखीच दुसरी मुलगी चारचौघांत कुर्त्याचा काठ वर करून इंजेक्शन घेते आणि पुन्हा गप्पांत सामील होते, हे तिने एकदा पाहायला हवे.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात डबा फ्रिजमध्ये पुढे आणा, आणि मागे राहिलेल्या इन्सुलिनबद्दल शंका असेल तर ते वापरू नका, नवे आणा. स्नेहसंमेलनाच्या आत शाळेला पान द्या, म्हणजे मुलीला नाचातून काढायची वेळ येणार नाही. तालमीआधी तपासायचे, गरजेप्रमाणे खायचे, आणि त्या रात्री झोपण्याआधी पुन्हा तपासायचे, कारण श्रमामुळे साखर कित्येक तासांनीही उतरू शकते. जाऊबाईंशी त्यानंतर बोला. पुढच्या तपासणीला वही आणि मीटर दोन्ही न्या, आणि तिच्या बाबांना घेऊन जा. तीन वर्षांत त्यांनी एकदाही पेन हातात धरलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. युनिट कसे लावायचे, सुई कशी बदलायची, कुठे टोचायचे हे त्यांनी परिचारिकेकडून शिकून घ्यावे, आणि आठवड्यातल्या दोन रात्री तीन वाजताचा गजर त्यांच्या उशाशी लावा.